नऊ रुपयांचा फरक: कुडाळच्या एका फोटो स्टुडिओतलं शाईचं प्रकरण

गणपतीचा दुसरा दिवस, २०२३. कुडाळला मामाच्या स्टुडिओत सकाळपासून चाकरमान्यांची गर्दी होती. कुणाला मखराचा फोटो हवा होता, कुणाला पोराचे पासपोर्ट. त्या गर्दीत एक बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काखेत धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. माणसं पांगल्यावर त्यांनी ती काउंटरवर ठेवली, कागद सोडवला आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यो फोटो बघा. बाबा असे तांबडे कित्याक दिसाक लागले?"

फोटो मामानेच काढून दिलेला होता, डिसेंबर २०२२ मध्ये, वडील वारले त्याच संध्याकाळी. ए-फोर आकार, फायबरची सोनेरी फ्रेम. नऊ महिन्यांत म्हाताऱ्यांचा निळा शर्ट राखाडी-बदामी झाला होता, मागचा आकाशी पडदा मातकट, आणि चेहरा विटकरी. मामा एक शब्द न बोलता म्हणाला, "दुसरा काढून देतो, पैसे नकोत." म्हणजे बोलला तेवढंच. मी त्याला इतका कमी बोलताना क्वचित पाहिलंय.

मी पुण्याला एका कलर लॅबमध्ये कामाला आहे. प्रिंटचे रंग जुळवणं हेच माझं रोजचं काम. रात्री आरती झाल्यावर मामाने ती फ्रेम माझ्यापुढे सरकवली. "डुप्लिकेट शाई वापरतो म्हणून झालं ना हे?" प्रश्न मला होता, पण तो बघत होता मामीकडे, कारण प्रिंटर कंपनीची शाई बंद करून बाहेरची लोकल शाई आणायचा निर्णय दोन वर्षांपूर्वी मामीच्या हिशेबाच्या वहीतून झाला होता.

मला वाटलं होतं तितकं उत्तर सरळ निघालं नाही. पुढचे सहा महिने आम्ही जे तपासलं, ते इथे लिहितो आहे. छोट्या स्टुडिओवाल्यांसमोर हाच प्रश्न रोज असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या शब्दांत विचारला जातो.

फ्रेमच्या आत काय दिसलं

बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की जुना फोटो टाकायचा नाही, त्याला हार पडलेला आहे, तो त्या स्वतः पाण्यात सोडणार. त्यामुळे माझ्या हातात एकच रात्र होती.

फ्रेम उघडली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती कडेची. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेला चारही बाजूंचा बोटभर पट्टा अजून आकाशी होता. डिसेंबरातला पडदा तिथे जसाच्या तसा. शाई मुळातच कमी उतरली असती किंवा नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, जाम असता, तर रंग सगळीकडे सारखाच चुकला असता. इथे झाकलेलं टिकलं आणि उघडं गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता रंग गेला. पिवळा होता, मॅजेंटाही बऱ्यापैकी होता. गेला होता तो सायन, म्हणजे निळसर शाई. सायन गेला की उरतात पिवळा आणि मॅजेंटा, आणि त्या दोघांचं मिश्रण तांबडं-नारिंगी. "बाबा तांबडे दिसाक लागले" हे निदान अगदी बरोबर होतं.

तिसरी गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानातच आली नाही, ती मामीने सांगितली: फ्रेमला काच नव्हती.

का नव्हती, यामागे कोकणातला पाऊस आहे. पूर्वी मामा काच लावूनच फ्रेम द्यायचा. पण पावसाळ्यात भिंती ओल धरतात, फोटोचा चकचकीत थर काचेला चिकटतो आणि काढायला गेलं की सोलून निघतो. अशा दोन-तीन तक्रारी आल्यावर त्याने ए-फोर फ्रेमची काचच बंद केली. गिऱ्हाइकालाही बरं, फ्रेम हलकी आणि शंभर रुपयांनी स्वस्त. एक दुखणं बंद करताना दुसऱ्याला दार उघडलं गेलं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

झेरॉक्स मशीनवरची भिंत

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेलो आणि इतकी वर्षं रोज दिसणारी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली. काउंटरमागच्या भिंतीवर मामाने नमुन्याचे फोटो लावले होते. दाराजवळच्या भिंतीवरचे फोटो थोडे फिकटलेले. आतल्या बाजूला, जुन्या झेरॉक्स मशीनच्या बरोबर वर लावलेले मात्र पार नारिंगी. तिथे ऊन कधीच पोचत नाही. ट्यूबलाइटचाच काय तो उजेड.

जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये ड्रमवर विजेचा भार चढवायला एक तार असते. ती उच्च दाबावर चालते आणि तिच्याभोवती ओझोन तयार होतो. मशीन बराच वेळ चाललं की जो तिखट, नाकात झोंबणारा वास येतो तो बऱ्याच अंशी त्याचाच. फोटो प्रिंटरच्या साध्या शाईत, म्हणजे डाय इंकमध्ये, रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या थरात मुरतो. हीच छिद्रं असल्यामुळे प्रिंट हातात येते तेव्हा सुकलेली असते, आणि हीच छिद्रं हवेलाही आत घेतात. सायन रंगाचे रेणू ओझोनपुढे सगळ्यात हळवे. म्हणून उजेड न लागताही फोटो तांबडा पडू शकतो.

इथे एक जुना किस्सा सांगावासा वाटतो, कारण "कंपनीची शाई म्हणजे बिनघोर" ही समजूत त्याने निकालात निघते. २००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर बाजारात आणले. प्रिंट वर्षानुवर्षं टिकेल हा जाहिरातीचा मुख्य मुद्दा होता. पण अमेरिकेतल्या काही गिऱ्हाइकांकडे कंपनीच्याच शाईने, कंपनीच्याच ग्लॉसी कागदावर काढलेले फोटो काही दिवसांत नारिंगी झाले. टिकाऊपणाचे आकडे प्रकाशाची चाचणी करून काढलेले होते. फोटो खराब केले हवेने. म्हणजे शाई अस्सल, कागद अस्सल, आणि निकाल मामाच्या भिंतीसारखाच.

त्यानंतर टिकाऊपणाचा एकच आकडा देणं पुरेसं नाही हे सगळ्यांना पटलं. आयोवा राज्यातल्या ग्रिनेलमध्ये हेन्री विल्हेल्म यांची संस्था अशा चाचण्यांसाठी ओळखली जाते. तिथे एकाच प्रिंटला काचेखाली, काचेविना, अल्बमच्या अंधारात, ओझोनमध्ये आणि दमट हवेत अशी वेगवेगळी परीक्षा द्यावी लागते. घरातल्या उजेडाचा त्यांचा हिशेब दिवसाला बारा तास, ४५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असा आहे. आमच्याकडे बाबांचा फोटो लागतो पडवीत, दाराच्या वर, समोर खळं, म्हणजे अंगण. तिथे भर दुपारी उजेड हजारो लक्सच्या घरात जातो. कुठल्याही पत्रकावरची वर्षं पडवीला लागू नाहीत.

"डुप्लिकेट" म्हणजे नक्की काय

मामाच्या कपाटात शाईच्या बाटल्या तीन प्रकारच्या निघाल्या आणि तो तिन्हींना डुप्लिकेटच म्हणत होता.

पहिली, शाई बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीची, स्वतःच्या नावाने विकलेली. बाटलीवर कोणत्या प्रिंटरला चालते ते लिहिलेलं. व्यापारी तिला कंपॅटिबल म्हणतात. यात लपवाछपवी काही नाही. दुसरी, लिटरच्या कॅनमधून काढून दिलेली लूज शाई. बाटलीवर फक्त मार्करने रंगाचं आद्याक्षर, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आणि तिसरी, प्रिंटर कंपनीच्याच नावाच्या हुबेहूब खोक्यात आलेली, अस्सलपेक्षा शे-दीडशे रुपये कमी दराने. मामाने ती "ऑफरमध्ये मिळाली" म्हणून घेतली होती. खोक्यावरची छपाई किंचित पुसट, बाटलीच्या तोंडाचं सील वाकडं, आणि आतला मॅजेंटा अस्सल बाटलीशेजारी धरला तर पातळ. ही खरी नकली.

पैशाच्या दृष्टीने तिसरी सगळ्यात वाईट, कारण तिथे किंमत जवळजवळ अस्सलची आणि माल कुठला ते देव जाणे. कंपॅटिबल शाई घेणारा निदान काय घेतोय ते जाणून घेतो. बाजारात मात्र तिघींना एकच शब्द, त्यामुळे "डुप्लिकेट वापरली, प्रिंटर गेला" असं कुणी सांगितलं की नक्की काय वापरलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही. मामाच्या बाबतीत तर तिन्ही शाया आलटून पालटून एकाच टाकीत गेल्या होत्या. पहिली संपायच्या आत दुसरी वर ओतायची, असं दोन वर्षं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आज आपण ज्या टाकीवाल्या प्रिंटरांवर धंदा करतो, ते याच बाहेरच्या शाईवाल्यांमुळे आले. काट्रिजच्या, म्हणजे शाईच्या बंद डब्या लागणाऱ्या, प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून चालवायची पद्धत आशियात इतकी पसरली की एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकी बसवलेला प्रिंटर काढला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हे गणित तिथे उलटं केलं. म्हणून कंपनीची शाई मामीच्या त्या वेळच्या बिलांत मिलीला नऊ-दहा रुपयांना पडत होती, याचं थोडं श्रेय लोकल शाईलाही आहे.

मामीची वही

मामाचा प्रिंटर सहा रंगांचा: काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, शिवाय फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. कंपनीची बाटली ७० मिलीची. पत्रकावर दावा असा की सहा बाटल्यांत ४ बाय ६ चे १८०० फोटो निघतात. ४२० मिली भागिले १८००, म्हणजे फोटोमागे पाव मिलीपेक्षाही कमी. पण स्टुडिओत हेड क्लीनिंगला, म्हणजे कागदावर शाई सोडणारा प्रिंटरचा भाग (हेड) साफ करायला, शाई जाते, चुकलेल्या प्रिंटला जाते. मामीच्या खरेदीवरून आम्ही ०.३ मिली धरलं.

त्या वेळी तिच्या बिलांत कंपनीची बाटली ६५० रुपयांची होती आणि कंपॅटिबलची १०० मिलीची बाटली १८० रुपयांची. म्हणजे ४ बाय ६ च्या एका फोटोला शाई कंपनीची वापरली तर साधारण २ रुपये ८० पैसे, लोकल वापरली तर ५५ पैसे. फरक सव्वादोन रुपये. चांगल्या २७० जीएसएम (चौरस मीटरला २७० ग्रॅम वजनाच्या) आरसी कागदाचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या फोटो कागदाचा, तेवढाच तुकडा तेव्हा चार रुपयांना पडत होता. शाईवर रात्र रात्र वाद घालणारा माणूस कागदाबद्दल एक वाक्य बोलत नाही याची मला गंमत वाटते.

महिन्याला सगळं मिळून ४ बाय ६ च्या ९०० फोटोंइतकं काम. सव्वादोनने गुणा, दोन हजार पंचवीस रुपये महिन्याला, वर्षाला चोवीस हजारांच्या वर. मामी चुकीची नव्हती.

मग दुसरी बाजू मांडली. रंग चुकल्यामुळे पुन्हा काढलेले फोटो महिन्याला पन्नास-पंचावन्न, त्याचे वर्षाला तीन हजार. आणि २०२२ च्या पावसाळ्यात हेड बदललं, त्याचे साडेनऊ हजार. हेड शाईनेच गेलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्या पावसात धंदा मंद होता, प्रिंटर अठरा दिवस बंद होता, आणि बंद पडून राहिलेला प्रिंटर कंपनीच्या शाईवरही जाम होतो. पण टाकीत तीन प्रकारच्या शाया एकत्र होत्या आणि वेगवेगळ्या घडणीच्या शाया मिसळल्या तर त्यांत गाळ धरू शकतो. जाम काढायला मामाने ओळीने दहा-बारा वेळा हेड क्लीनिंग मारलं, ती सगळी शाई खालच्या स्पंजमध्ये गेली, पॅड भरलं, दोन्ही लाल दिवे लुकलुकायला लागले, आणि कणकवलीहून माणूस बोलवावा लागला. तो पूर्ण खर्च शाईच्या नावावर टाकला तरी त्या वर्षी लोकल शाईने पावणेबारा हजार रुपये वाचवले होते.

हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतं, कारण लॅबमध्ये आम्ही सगळे "स्वस्त शाई शेवटी महाग पडते" असं सहज बोलून जातो. मामीच्या वहीत ती महाग पडलेली नव्हती.

पण त्याच वहीत आणखी एक हिशेब दडलेला होता. ए-फोर फोटोला ४ बाय ६ च्या चौपट शाई लागते. म्हणजे एका फ्रेमच्या फोटोमागे कंपनीची शाई आणि लोकल शाई यांतला फरक नऊ रुपये. फ्रेमची किंमत साडेचारशे. महिन्याला अशा फ्रेम पंचवीसेक. ज्या फोटोंनी मामाला मान खाली घालायला लावली, त्यांच्यावर सगळी मिळून बचत होत होती महिन्याला सव्वादोनशे रुपये. उरलेले अठराशे वाचत होते पासपोर्ट, आयकार्ड आणि मखराच्या फोटोंवर.

मामीने हे दोनदा गुणून पाहिलं आणि वही मिटली. "नऊ रुपयांसाठी लोकांची माणसं तांबडी केली," एवढंच म्हणाली.

गणपती ते शिमगा

तरी सगळा दोष शाईवर ढकलायच्या आधी तपासायला हवं होतं. पुण्याला परतायच्या आधी आम्ही एक साधी चाचणी लावली. फोटो मामाचाच: सावळा चेहरा, पांढरा शर्ट, शेजारी राखाडी छटांची पट्टी. दोन शाया, कंपनीची आणि एकाच कारखान्याची कंपॅटिबल. कंपनीच्या शाईचे प्रिंट मी पुण्याहून काढून पाठवले, तसल्याच प्रिंटरवर. दोन कागद, २७० जीएसएमचा आरसी आणि फॉर्मवरच्या फोटोंसाठी वापरतात तो १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी. म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीचे तीन प्रिंट: एक पडवीत उघडा, एक पडवीतच पण काचेखाली, एक अल्बममध्ये घालून कपाटात. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा चिकटवला, म्हणजे आधीचा रंग कसा होता हे आठवणीवर सोडायला नको.

काचेचे प्रिंट लावताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवली, ज्याला फ्रेमवाले माउंट म्हणतात. फोटो काचेला टेकतच नाही, मग चिकटणार कसा? पावसाळ्याच्या दुखण्यावर हा उपाय फ्रेमच्या धंद्यात फार जुना आहे. मामाने फक्त खर्च नको म्हणून तो कधी धरला नव्हता.

शिमग्याला, मार्च २०२४ मध्ये, पुठ्ठे काढले.

अल्बममधल्या चारही जोड्यांत डोळ्याला फरक दिसला नाही, अगदी लोकल शाई आणि स्वस्त कागदाच्या जोडीतसुद्धा. पडवीत उघड्या टांगलेल्यांत लोकल शाई, स्वस्त कागद ही जोडी बाईंच्या फ्रेमसारखीच तांबडी झाली होती. ते अपेक्षितच होतं. मला थांबवलं ते तिच्या शेजारच्याने. कंपनीची शाई, पण स्वस्त कागद आणि काच नाही: पुठ्ठ्याखालच्या आणि बाहेरच्या भागात सरळ रेघ दिसत होती, चेहरा ऊबदार झाला होता, पट्टीतला राखाडी तपकिरीकडे झुकला होता. आणि काचेखालचा, लोकल शाईचा, आरसी कागदावरचा प्रिंट त्याच्यापेक्षा चांगला होता. रेघ होती, पण शोधावी लागत होती. कंपनीची शाई, आरसी कागद, काच या तिघांच्या जोडीत मला रेघ सापडली नाही. मामाने चष्मा लावून पाहिलं, त्यालाही नाही.

एका घराच्या एका पडवीतली ही चाचणी, आणि सहा महिन्यांची. त्यावरून मी कुणाला वर्षांचा आकडा सांगणार नाही. पण मामाच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं. शाईने केलं का? केलं, पण कागदाने हातभार लावला आणि काच काढल्याने दार सताड उघडलं. डिसेंबरात तोच फोटो त्याच शाईने आरसी कागदावर काढून, माउंट घालून काचेखाली दिला असता, तर बाई फ्रेम घेऊन गणपतीत आल्या नसत्या. कधीतरी आल्या असत्या, पण नऊ महिन्यांत नाही.

रंगाचं प्रकरण वेगळंच

टिकण्याचं झालं, पण ती पन्नास-पंचावन्न चुकलेली प्रिंट महिन्याला का पडत होती? याचं कारण फिकटण्याशी संबंधित नाही.

प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, कंपनीच्या शाईसाठी बसवलेला असतो. अमुक रंगाला अमुक थेंब, हे गणित त्या शाईच्या गडदपणावर ठरलेलं. शाई बदलली की गणित हलतं. सावळ्या चेहऱ्यावर ते पहिलं कळतं, सावलीच्या बाजूला हिरवट झाक येते किंवा गाल जांभळट दिसतात. फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा या दोन शाया खास अशा हलक्या छटांसाठीच असतात, त्यामुळे त्यांत गडबड झाली तर थेट त्वचेवर उमटते. जुन्या कृष्णधवल फोटोची कॉपी काढली तर याहून लवकर कळतं. राखाडीत लपायला जागा नसते. नवी शाई आणली की मी आधी राखाडी पट्टीच काढतो, रंगीत फुलं आणि पोपट नाहीत.

मामा यावर ड्रायव्हरमधल्या पट्ट्या सरकवून इलाज करायचा. मॅजेंटा उणे पाच, पिवळा अधिक तीन. भिंतीवर अशा आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि दर नव्या बाटलीला चिठ्ठी बदलायची.

दिवाळीत मी लॅबमधून रंग मोजायचं यंत्र उसनं घेऊन गेलो. शेकडो रंगांचे चौकोन छापायचे, यंत्राने एकेक वाचायचा आणि त्या शाई-कागदाच्या जोडीचं प्रोफाइल बनवायचं, ज्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. ते फोटोशॉपमध्ये लावल्यावर लोकल शाईचा पासपोर्ट फोटो कंपनीच्या शाईच्या इतका जवळ आला की मामीने चुकीचा उचलला. मामा खूश.

जानेवारीत त्याचा फोन. "पुन्हा हिरवट येतंय." बाटली तीच, नाव तेच, लॉट नवीन. प्रोफाइल ही त्या शाईची मोजदाद असते, लेबलची नाही. कंपनीच्या शाईत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की या वर्षीची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखी असते. चांगल्या कंपॅटिबल शाईतही हे जमवणारे आहेत, पण तुम्ही कोणता लॉट घेतला ते नोंदवायची सवय हवी. लूज शाईला तर लॉटच नसतो, त्यामुळे तिचं प्रोफाइल बनवणं म्हणजे वाळूवर रांगोळी.

काय ठरलं

मामीचं पहिलं म्हणणं सोपं होतं: सगळीकडे कंपनीची शाई घालू आणि प्रकरण मिटवू. त्यात महिन्याला दोन हजार जातात. मामाचं म्हणणं, फक्त फ्रेमला कंपनीची. पण एकाच प्रिंटरच्या टाकीत रोज शाई बदलता येत नाही. उरला पर्याय दुसऱ्या प्रिंटरचा. तसाच सहा रंगांचा नवा प्रिंटर तेव्हा वीस हजारांच्या आसपास पडत होता. पासपोर्ट-आयकार्डांवर लोकल शाईचे अठराशे रुपये महिन्याला वाचत राहिले तर अकरा महिन्यांत प्रिंटर फिटतो. मामीने वहीत तसं लिहून मामाची सही घेतली. खरंच घेतली.

जुना प्रिंटर आता फॉर्मवरचे फोटो, शाळेची आयकार्डं आणि पीव्हीसी कार्डं काढतो. पासपोर्ट फोटो फॉर्मला चिकटतो आणि फायलीत बंद होतो, म्हणजे अल्बमचाच अंधार. आयकार्ड पोराच्या गळ्यात उन्हात फिरतं खरं, पण जूनमध्ये नवीन निघतं. या कामाला लोकल शाई नको म्हणणं मला तरी उगाच सोवळं वाटतं. शाई एकाच कारखान्याची, तीन-चार महिन्यांची एकदम घेतलेली, एकाच लॉटची. बाटली उघडल्याची तारीख मार्करने लिहायची. टाकीत दुसरं काही ओतायचं नाही. लूज शाई बंद, आणि "ऑफर"वाली तर दारातच उभी करायची नाही. कंपनीची शाई आता मामा बिल देणाऱ्या डीलरकडूनच घेतो. त्या नकली बाटलीला बिल नव्हतं, ही गोष्ट त्याने आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितली.

नवा प्रिंटर फ्रेमसाठी, लग्नाच्या फोटोंसाठी आणि जुन्या कृष्णधवल कॉप्यांसाठी. कंपनीची शाई, आरसी कागद. काम असो नसो, रोज सकाळी दिवा लावला की एक ४ बाय ६ काढायचा. वॉरंटीचं म्हणाल, तर जुन्याची केव्हाच संपली होती आणि नव्यात बाहेरची शाई घालायचीच नव्हती, त्यामुळे तो वाद आमच्याकडे आला नाही. नवीन प्रिंटरमध्ये लोकल शाई घालणाऱ्याने मात्र वॉरंटीचं कार्ड आधी वाचावं.

वारलेल्या माणसाच्या फोटोसाठी आणखी एक वाट काढली. तो फोटो त्याच संध्याकाळी लागतो, हार घालायला. तेव्हा लॅब, टिकाऊपणा, माउंट असलं काही कुणाला ऐकायचं नसतं आणि ऐकवूही नये. म्हणून मामा त्या दिवशी स्टुडिओतलीच फ्रेम देतो आणि घरच्यांना सांगून ठेवतो की तेरावं उरकल्यावर कायमची फ्रेम देईन. ती फाइल कोल्हापूरच्या लॅबला जाते. तिथे फोटो प्रकाशसंवेदी कागदावर रसायनातून निघतो, शाईचा संबंधच नाही, आणि एसटी पार्सलने घाट उतरून येतो. पूर्वी मामा फिल्मचे रोल असेच घाटावर पाठवायचा. आल्यावर माउंट, काच, आणि मागच्या बाजूला पडवीत लावू नका, आत माजघरात लावा, अशी चिठ्ठी. चिठ्ठी किती जण पाळतात ते सोडा. बाबा पडवीतच हवेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसले पाहिजेत, यावर लोक ठाम असतात, आणि मला ते पटतंही.

त्या बाईंना अशी फ्रेम त्याच दसऱ्याला पोचवली.

झेरॉक्स मशीनवरच्या भिंतीवरून नमुने काढले, तिथे आता सरपंचांनी दिलेलं कॅलेंडर आहे. एक वाद मात्र अजून चालू आहे. मामा म्हणतो, चाचणीत काचेखाली लोकल शाई टिकली होती ना, मग मखराच्या मोठ्या फोटोंना तरी ती वापरू, ते काचेतच जातात. चाचणीचा निकाल त्याच्या बाजूने आहे, हे मी मान्य करतो. मामी वहीतून मान वर न करता "नऊ रुपये" म्हणते आणि तो विषय पुढच्या गणपतीवर जातो.